शेवटचा सामना आणि गुडघ्याची किंमत

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा, म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन, शिरस्त्राण आणि खांद्यांवर जाड कवच चढवून, अंगावर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला धडक देत खेळल्या जाणाऱ्या अमेरिकी फुटबॉलचा मोसम ऑगस्टअखेरीस सुरू होतो आणि नोव्हेंबर संपता संपता बहुतेक संघांचे १२ नियमित सामने खेळून झालेले असतात. त्यानंतर डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या आरंभापर्यंत जे निमंत्रितांचे सामने भरतात, त्यांना वाडग्याच्या आकाराच्या जुन्या क्रीडागारांवरून ‘बाऊल’ सामने हे नाव पडले आहे. साधारणपणे १२ पैकी निदान ६ सामने जिंकलेला संघ अशा निमंत्रणास पात्र ठरतो, आणि हे सामने आता ४० च्या घरात गेल्यामुळे मध्यम कुवतीच्या संघालाही कुठले ना कुठले निमंत्रण मिळतेच. गेल्या दशकभरात या सामन्यांच्या सुमारास एक बातमी ठरल्यासारखी येऊ लागली आहे. संघातील सर्वांत नामांकित खेळाडू, जो चार महिन्यांनी व्यावसायिक संघात निवडला जाणार हे जवळजवळ नक्की असते, तो शेवटच्या सामन्यातून अंग काढून घेतो, आणि त्याने तसे करावे की नाही यावर समालोचक, माजी खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यात जुंपते. हा वाद समजून घेण्यासाठी तो सामना मुळात कशासाठी सुरू झाला आणि खेळाडूच्या हिशेबात त्याची किंमत कशी ठरते, या दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात.

बाऊल सामन्यांचा उगम स्पर्धेत नाही, पर्यटनात आहे. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे १८९० पासून नववर्षदिनी ‘टूर्नामेंट ऑफ रोझेस’ नावाचा पुष्पोत्सव भरू लागला, आणि पूर्वेकडे लोक बर्फ उपसत असताना आपल्याकडे गुलाब फुलतात हे साऱ्या देशाला दाखवावे, हा त्यामागचा उघड हेतू होता. १९०२ साली या उत्सवात गर्दी खेचण्यासाठी फुटबॉलचा सामना ठेवण्यात आला. मिशिगन विद्यापीठाने त्यात स्टॅनफर्डचा ४९-० असा धुव्वा उडवला आणि वेळ शिल्लक असतानाच स्टॅनफर्डने खेळ सोडून दिला. सामना इतका एकतर्फी झाला, की पुढची तेरा वर्षे आयोजकांनी फुटबॉलचे नावही काढले नाही आणि त्याऐवजी रथांच्या शर्यतींसारखे खेळ भरवले. १९१६ मध्ये फुटबॉल परत आला, १९२२ मध्ये ‘रोझ बाऊल’ हे क्रीडागार उभे राहिले, आणि १९३० च्या दशकातील महामंदीत मायामी, न्यू ऑर्लिन्स, एल पासो, डॅलस या दक्षिणेकडील शहरांनी हिवाळ्यात हॉटेले भरावीत म्हणून पॅसाडेनाची नक्कल करत ऑरेंज, शुगर, सन आणि कॉटन हे आपापले बाऊल सामने सुरू केले.

या सामन्यांचा दर्जा प्रदर्शनीय सामन्याचाच आहे, असे फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी स्वतःच कित्येक वर्षे मानले होते. राष्ट्रीय विजेता ठरवणारी अधिकृत स्पर्धाच त्या काळी नसल्याने असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची पत्रकारांच्या मतांवर बेतलेली क्रमवारी प्रमाण मानली जाई. ती १९३६ पासून सुरू झाली आणि १९६५ चा अपवाद सोडता १९६७ पर्यंत तिची अखेरची यादी बाऊल सामने होण्यापूर्वीच जाहीर होत असे. १९६४ चा अलाबामाचा संघ असा आधीच विजेता ठरला आणि मग ऑरेंज बाऊलमध्ये टेक्ससकडून हरला, तरी त्याचे विजेतेपद अबाधित राहिले. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या अधिकृत आकडेवारीत तर बाऊल सामन्यांतील धावा आणि झेल २००२ पर्यंत धरलेच जात नसत. नोत्र दाम या मातब्बर कॅथलिक विद्यापीठाने १९२५ चा रोझ बाऊल खेळल्यानंतर थेट १९७० पर्यंत एकही बाऊल निमंत्रण स्वीकारले नाही, आणि त्याबद्दल त्या विद्यापीठाला कोणी पळपुटे म्हटले नाही. उलट अभ्यासाची बूज राखणारी संस्था म्हणून तिची वाखाणणीच झाली.

आता खेळाडूच्या बाजूचा हिशेब. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलची एकमेव मोठी संघटना म्हणजे एनएफएल, आणि तिचे ३२ संघ दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस ‘ड्राफ्ट’ नावाच्या प्रक्रियेतून नव्या खेळाडूंची निवड करतात. या निवडीच्या सात फेऱ्या होतात, सर्वसाधारणपणे मागील मोसमात सर्वांत वाईट ठरलेल्या संघाला पहिली पसंती मिळते, आणि ज्या संघाने निवडले त्याच्याशीच खेळाडूला करार करावा लागतो. माध्यमिक शाळा सोडून तीन वर्षे झाल्याखेरीज या प्रक्रियेत प्रवेश नाही. ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेट याने या नियमाला न्यायालयात आव्हान दिले होते आणि खालच्या न्यायालयात तो जिंकलाही होता. परंतु २००४ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि ते निकालपत्र पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या न्यायमूर्ती सोनिया सोतोमायोर यांनी लिहिले होते. म्हणजे खेळाडू कितीही तयार असला तरी त्याने निदान तीन वर्षे दुसऱ्या कुणासाठी तरी अंग झिजवायचे, आणि महाविद्यालयीन खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे काही देऊ नये हा एनसीएएचा दंडक असल्यामुळे, २०२१ पर्यंत ते जवळजवळ फुकट झिजवायचे, अशी ही व्यवस्था होती.

ड्राफ्टमधील क्रमांक आणि पैसा यांचे नाते २०११ च्या कामगार करारापासून फार काटेकोर झाले. त्यापूर्वी पहिल्या क्रमांकाचा खेळाडू घासाघीस करून अवाच्या सवा रक्कम पदरात पाडून घेई. २०१० मध्ये सॅम ब्रॅडफर्डने ५ कोटी डॉलरची हमी मिळवली होती. नव्या कराराने प्रत्येक क्रमांकाची रक्कम जवळपास ठरवूनच टाकली, आणि २०११ चा पहिला खेळाडू कॅम न्यूटन याला चार वर्षांचे मिळून सुमारे २.२ कोटी डॉलर मिळाले. या बदलाचा एक परिणाम असा झाला, की पहिल्या फेरीतून दुसऱ्या फेरीत घसरणे म्हणजे नेमके किती गमावणे, हे कोणत्याही खेळाडूला आणि त्याच्या घरच्यांना घरबसल्या आकडेमोड करून कळू लागले. गुडघ्याचा मुख्य अस्थिबंध, म्हणजे मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना सांध्याच्या आतून बांधून ठेवणारी चिवट दोरी, तुटली तर शस्त्रक्रियेनंतर पूर्ववत खेळायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती तुटली, तर फेब्रुवारीअखेरची इंडियानापोलिसमधील शारीरिक चाचणी बुडते, एप्रिलमध्ये संघांचे डॉक्टर अहवालावर लाल शेरा मारतात, आणि व्यावसायिक कारकिर्दीचा पहिला मोसमही बहुधा हातचा जातो. बाऊल सामन्यात होणारी दुखापत ऑक्टोबरातल्या दुखापतीपेक्षा महाग पडते ती या वेळापत्रकामुळे.

ही आकडेमोड साऱ्या देशाच्या डोळ्यांसमोर आली ती १ जानेवारी २०१६ रोजी, ॲरिझोनातील फिएस्टा बाऊलमध्ये. नोत्र दामचा जेलन स्मिथ हा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीत उभा राहून धावणाऱ्याला अडवणारा खेळाडू, त्या वर्षी आपल्या जागेवरचा देशातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून बटकस पुरस्कार मिळवून आला होता आणि ड्राफ्टमधील पहिल्या पाचांत त्याचे नाव घेतले जात होते. ओहायो स्टेटविरुद्धच्या त्या सामन्याच्या पहिल्याच सत्रात, चेंडूचा पाठलाग करत असताना प्रतिस्पर्ध्याच्या धक्क्याने त्याचा तोल गेला, डावा पाय जमिनीत रुतल्यासारखा टेकला आणि गुडघा बाहेरच्या बाजूला वळला. दोन अस्थिबंध तुटले, आणि त्याहून वाईट म्हणजे गुडघ्यामागून खाली जाणारी, पाऊल वर उचलण्याचे काम करणारी नस दुखावली. तुटलेला अस्थिबंध शल्यविशारद नव्याने बांधू शकतो, पण दुखावलेल्या नसेची वाट पाहण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. पाऊल मग लोंबकळते राहते आणि चालताना बोटे जमिनीला घासतात. अनेक संघांनी त्याचे नाव यादीतून काढून टाकले. अखेर डॅलस काउबॉइज या संघाने त्याला ३४ व्या क्रमांकावर, म्हणजे दुसऱ्या फेरीत घेतले, आणि त्यामागे एक व्यावहारिक कारण होते: त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करणारे शल्यविशारद हेच काउबॉइजचे डॉक्टर होते, त्यामुळे आतली परिस्थिती त्या संघाइतकी कोणालाच ठाऊक नव्हती. त्या वर्षी पाचव्या क्रमांकाच्या खेळाडूला चार वर्षांचे सुमारे २.३ कोटी डॉलर मिळाले. स्मिथचा करार सुमारे ६५ लाखांचा झाला. २०१६ चा संपूर्ण मोसम तो मैदानाबाहेर होता. पुढे नस पुष्कळशी सावरली, तो नियमित खेळू लागला आणि २०१९ मध्ये त्याला मोठा करारही मिळाला, हे खरे. पण इतर खेळाडूंच्या मनात ठसले ते त्या एका धक्क्याचे मोल.

२०१६ च्याच डिसेंबरात लुइझियाना स्टेटचा लेनर्ड फोर्नेट आणि स्टॅनफर्डचा क्रिश्चन मॅकॅफ्री या दोघांनी काही दिवसांच्या अंतराने आपण बाऊल सामना खेळणार नसल्याचे जाहीर केले. दोघेही रनिंग बॅक होते, आणि हा योगायोग नाही. चेंडू पोटाशी धरून समोरच्या भिंतीत घुसणे हेच ज्याचे काम, त्या रनिंग बॅकची कारकीर्द इतर बहुतेक जागांच्या मानाने तोकडी असते, आणि महाविद्यालयात खाल्लेली प्रत्येक धडक त्या तोकड्या आयुष्यातूनच वजा होत असते. मॅकॅफ्रीने २०१५ मध्ये धावून, झेल घेऊन आणि किक परतवून एका मोसमात ३,८६४ यार्डांची कमाई केली होती आणि बॅरी सँडर्सचा १९८८ पासूनचा विक्रम मोडला होता. विद्यापीठाला द्यायचे ते त्याने देऊन झाले होते, असे म्हणायला हरकत नसावी. फोर्नेटचा घोटा मोसमभर दुखत होता. तरीही टीकेची झोड उठली. टीकाकारांत डॅलस काउबॉइजचा ईझिकियल एलियट हाही होता. ज्या फिएस्टा बाऊलमध्ये स्मिथचा गुडघा गेला, त्याच सामन्यात ओहायो स्टेटकडून चार टचडाउन करून, म्हणजे चेंडू चार वेळा प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम रेषेपलीकडे नेऊन, एलियट ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर निवडला गेला होता. आपल्या जुन्या सवंगड्यांबरोबर आणखी एकदा खेळायला मिळावे म्हणून आपण काहीही करू, अशा अर्थाचे त्याने लिहिले, आणि तो लिहीत होता तेव्हा जेलन स्मिथ त्याच्याच संघात पायाला आधार लावून बसला होता. स्मिथने स्वतः मात्र, पुन्हा ती वेळ आली तरी आपण तो सामना खेळूच, असे सांगितले. या दुसऱ्या विधानाला वेगळे वजन आहे. ज्याने किंमत मोजली त्यानेच व्यवहार नाकारला नाही. म्हणजे खेळणे हा मूर्खपणा आणि न खेळणे हा शहाणपणा, अशी सरळ विभागणी इथे करता येत नाही.

एप्रिल २०१७ मध्ये फोर्नेट चौथ्या आणि मॅकॅफ्री आठव्या क्रमांकावर निवडला गेला. सामना चुकवणाऱ्याकडे संघ संशयाने पाहतील, हे भाकीत तिथेच कोलमडले, आणि पुढच्या वर्षापासून माघार घेणाऱ्यांची रांग वाढत गेली. ज्या ३० डिसेंबर २०१६ रोजी एल पासोतील सन बाऊल मॅकॅफ्रीविना खेळला गेला, त्याच दिवशी मायामीत ऑरेंज बाऊलमध्ये मिशिगनच्या जेक बट या टाइट एंडचा, म्हणजे अडवणे आणि झेलणे अशी दोन्ही कामे करणाऱ्या खेळाडूचा, गुडघा दुखावला आणि तो ड्राफ्टच्या पाचव्या फेरीपर्यंत घसरला. एकाच दिवसाच्या या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून कितीतरी पालकांनी आपल्या मुलांशी चर्चा केली असेल.

बटचा विमा होता. ड्राफ्टमध्ये ठरावीक क्रमांकाखाली घसरण झाल्यास भरपाई देणारा हा ‘मूल्यघट’ विमा गेल्या काही वर्षांत बराच रूढ झाला असला तरी तो पूर्ण उतारा नव्हे. त्याची भरपाई गमावलेल्या रकमेच्या मानाने बहुधा थोडी असते आणि दुखापतीमुळेच घसरण झाली हे सिद्ध करावे लागते. मायामी विद्यापीठाच्या विलिस मॅकगाहीने जानेवारी २००३ च्या फिएस्टा बाऊलपूर्वी २५ लाख डॉलरचा विमा उतरवला होता, तो कायमच्या अपंगत्वाचा. सामन्यात त्याच्या गुडघ्याचे तीन अस्थिबंध तुटले, पण बफेलो बिल्सने त्याला तरीही पहिल्याच फेरीत घेतले आणि पुढे तो दीर्घकाळ खेळला. तो सामना मात्र राष्ट्रीय विजेतेपदाचा होता, आणि त्यातून माघार घेण्याचा विचारही त्या काळी कोणाच्या मनात आला नसता.

माघारीमुळे सामना निकृष्ट होतो, हा आक्षेप प्रेक्षकांच्या बाजूने रास्त आहे; तिकीट एका संघाचे काढायचे आणि मैदानावर दुसराच पाहायचा, यात फसवणुकीची भावना असते. पण रिकामी झालेली जागा कोणीतरी भरतोच. सन बाऊलमध्ये मॅकॅफ्रीच्या जागी आलेल्या ब्राइस लव्हने शंभराहून अधिक यार्ड धाव घेतली, स्टॅनफर्डने सामना २५-२३ असा जिंकला, आणि पुढच्या मोसमात २,११८ यार्ड धावून लव्ह हाइझमन या सर्वोच्च पुरस्काराच्या शर्यतीत दुसरा आला. त्या वेळी तो व्यावसायिक होऊ शकला असता. तो आणखी एक वर्ष विद्यापीठातच राहिला, डिसेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्धच्या नियमित सामन्यात त्याचा गुडघा गेला, ड्राफ्टमध्ये तो चौथ्या फेरीत घसरला आणि एनएफएलचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. १ जानेवारी २०२२ च्या रोझ बाऊलमध्येही ओहायो स्टेटचे गॅरेट विल्सन आणि क्रिस ओलावे हे दोन नावाजलेले रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारे खेळाडू, नव्हते. त्यांच्या अनुपस्थितीत जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बाने एकट्याने ३४७ यार्डांचे झेल घेतले आणि संघाने यूटावर ४८-४५ अशी मात केली. बाऊल सामन्यांच्या इतिहासातील इतकी रंगतदार संध्याकाळ पाहणाऱ्यांना आपण फसवले गेलो असे वाटण्याचे काही कारण नव्हते.

त्याच दिवशी सकाळी ईएसपीएन वाहिनीवर समालोचक कर्क हर्बस्ट्रीट यांनी या पिढीचे फुटबॉलवर प्रेमच उरलेले नाही, अशा आशयाचे विधान केले, आणि रात्री शुगर बाऊलमध्ये मिसिसिपीचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, मॅट कोरल घोटा दुखावून मैदानाबाहेर गेला. कोरल पुढे तिसऱ्या फेरीत ९४ व्या क्रमांकावर निवडला गेला. सगळे खापर घोट्यावर फोडणे योग्य होणार नाही, कारण त्या वर्षी क्वार्टरबॅकना एकंदरीतच मागणी नव्हती आणि पहिल्या फेरीत एकच निवडला गेला. तो होता पिट्सबर्ग विद्यापीठाचा केनी पिकेट, आणि त्याने आपला पीच बाऊल खेळण्याचे टाळले होते. ईएसपीएनचे मत पूर्णतः तटस्थ मानता येत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे, कारण बहुतेक बाऊल सामने याच समूहाच्या वाहिन्यांवरून दिसतात आणि त्यांतील बरेच सामने त्याच्या मालकीचेही आहेत.

निष्ठेचा प्रश्न काढायचाच असेल, तर प्रशिक्षकांकडे पाहिल्यावाचून तो पुरा होत नाही. ब्रायन केली यांनी २००९ मध्ये सिनसिनाटीचा १२ पैकी १२ सामने जिंकलेला संघ शुगर बाऊलच्या तोंडावर सोडून नोत्र दामची नोकरी पत्करली, आणि मागे राहिलेली मुले फ्लोरिडाकडून ५१-२४ अशी हरली. बारा वर्षांनी त्यांनीच नोत्र दामला असेच मोसमाच्या अखेरीस सोडले आणि लुइझियाना स्टेटची वाट धरली. प्रशिक्षकाचा गुडघा तुटण्याची भीती नसते, त्याचा करार कोट्यवधींचा असतो, आणि तरीही त्याच्या जाण्याला ‘कारकिर्दीतील पुढचे पाऊल’ म्हटले जाते. विसाव्या-एकविसाव्या वर्षीचा मुलगा तोच हिशेब मांडतो तेव्हा मात्र त्याच्या चारित्र्याची चर्चा होते. शहराने हॉटेलांसाठी, वाहिनीने जाहिरातींसाठी आणि प्रशिक्षकाने बढतीसाठी वापरलेल्या सामन्याला खेळाडूनेच तेवढे पवित्र मानावे, ही अपेक्षा तर्काला धरून नाही.

२०२१ पासून चित्रात दोन नव्या गोष्टी आल्या. त्या वर्षीच्या जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ॲल्स्टन खटल्यात एनसीएएच्या विरोधात एकमुखी निकाल दिला आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपले नाव, चेहरा आणि ओळख जाहिरातींसाठी विकण्याची मुभा मिळाली; शिवाय एका विद्यापीठातून दुसरीकडे जाऊ इच्छिणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या ‘ट्रान्सफर पोर्टल’मुळे, आणि संघ बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसण्याची जुनी अट शिथिल झाल्यामुळे, डिसेंबर हा फुटबॉलमधील उघड बाजाराचा महिना बनला. आता माघार घेणाऱ्यांत ड्राफ्टची वाट पाहणारे दोन-चारच नसतात. दुसरे विद्यापीठ गाठू पाहणारेही असतात. याचे टोक ३० डिसेंबर २०२३ च्या ऑरेंज बाऊलमध्ये दिसले. फ्लोरिडा स्टेटचा संघ १३ पैकी १३ सामने जिंकूनही, जखमी क्वार्टरबॅकचे कारण पुढे करून, चार संघांच्या विजेतेपदाच्या प्लेऑफ स्पर्धेतून वगळला गेला होता. सांत्वनादाखल मिळालेल्या या सामन्यात त्याचे वीसहून अधिक खेळाडू उतरलेच नाहीत, आणि जॉर्जियाने त्याला ६३-३ असे चिरडले. सामना निरर्थक असल्याचे निवड समितीनेच ठरवून टाकल्यावर खेळाडूंनी वेगळे काय मानावयाचे होते, हा प्रश्न त्या निकालानंतर बराच काळ विचारला जात राहिला.

प्लेऑफ २०२४ च्या मोसमापासून बारा संघांची झाली आहे, आणि तिच्या सामन्यांतून निरोगी खेळाडूने अंग काढून घेतल्याचे सहसा दिसत नाही. जिथे हाती काही लागणार आहे तिथे हेच ‘प्रेम नसलेले’ खेळाडू जीव तोडून खेळतात. प्लेऑफबाहेर उरलेल्या बाऊल सामन्यांत मात्र आता तडजोडीचे नवनवे नमुने दिसतात. २८ डिसेंबर २०२४ रोजी ऑर्लँडो येथे, टोस्टरमध्ये भाजायच्या एका गोड पेस्ट्रीच्या नावाने भरणाऱ्या पॉप-टार्ट्स बाऊलमध्ये, मायामीचा क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड पहिल्या अर्ध्यात खेळला, कारकिर्दीतील टचडाउन पासांचा विक्रम नोंदवला, आणि मध्यंतरानंतर बाकावर बसून राहिला. त्याच्याविना मायामीने आघाडी घालवली आणि आयोवा स्टेटने सामना ४२-४१ असा एका गुणाने जिंकला. एप्रिलमध्ये टेनेसी टायटन्सने वॉर्डला सबंध ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडले. त्याच २८ डिसेंबरला कोलोराडोचे ट्रॅव्हिस हंटर आणि शेडूर सँडर्स हे दोघे विमा उतरवून अलामो बाऊलमध्ये खेळले आणि हरले. हंटर दुसऱ्या क्रमांकावर गेला, तर सँडर्स धडधाकट असूनही पाचव्या फेरीपर्यंत थांबला, तेव्हा सामना खेळल्याचे बक्षीस किंवा टाळल्याची शिक्षा ड्राफ्टमध्ये मिळते असे कोणत्याच बाजूने म्हणता येत नाही.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले असून, पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २.०५ कोटी डॉलर ठेवण्यात आली. पैसे घेतले आहेत तर मोसमाच्या अखेरपर्यंत खेळले पाहिजे, असे कलम करारात घालता येईल, हा विचार त्यातून ओघानेच येतो. तसे झाले तर माघार हा निष्ठेचा विषय राहणार नाही. नोकरीच्या कोणत्याही करारातील रजेसारखा तो वाटाघाटीचा विषय होईल, आणि बाऊल सामना खेळण्याचे वेगळे मोल ठरवावे लागेल. दरम्यान ७ डिसेंबर २०२५ रोजी नोत्र दामच्या संघाला १० विजय आणि २ पराभव अशी कामगिरी असूनही बारा संघांच्या प्लेऑफमध्ये स्थान मिळाले नाही, तेव्हा त्याने त्या मोसमात कोणताही बाऊल सामना खेळणार नसल्याचे जाहीर केले. या वेळी माघार एका खेळाडूची नव्हती, साऱ्या संघाची होती.